मागच्या आखाचे बोल

सुरतेकडील मराठी कुटुंबांना पलसाणा हे गाव बहुधा वाटेवरचा चौक म्हणूनच ठाऊक असते. बडोदे संस्थानाच्या काळात नवसारी प्रांतात असलेले हे तालुक्याचे गाव. येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला बारडोली, व्यारा, नवापूरवरून धुळ्याकडे जाणारा रस्ता मिळतो. दिवाळीला किंवा लग्नकार्याला खानदेशात निघालेली जीप माणसांनी आणि सामानाने भरलेली असते. पलसाण्याभोवती सपाट मुलूख, उसाची शेते. नवापूर ओलांडल्यावर मात्र कोंडाईबारीचा घाट लागतो. गाडीच्या मागून काही आवाज येत असेल, तर तो ऐकून पुढे जायचे की परतायचे हे ठरवावे ते याच टप्प्यात, असे आम्ही वाचकांना सुचवू.

बैलगाडीचा आख कुरकुरू लागला की वंगण घालून काम भागत असे. मोटारीच्या मागच्या आखात मात्र इंजिनाची ओढ काटकोनात वळवणारी क्राउन-पिनियनची दातेरी जोडी असते, वळणावर दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल असते, आणि टोकांना चाकांची बेअरिंगे असतात. प्रत्येकाचा बोल वेगळा. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी कान द्यावा. चालवणाऱ्याने रस्त्यावर लक्ष ठेवावे. ऐकण्याचे काम मागे बसलेल्याने करावे.

रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला, तर दोष बहुधा टायरचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडताना दुसरा उमटला, तर संशय क्राउन-पिनियनवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर घ्यावा. अ‍ॅक्सिलरेटरची पर्वा न करता वेगाबरोबर वाढणारी आणि गाडी एका अंगावर कलताच कमीजास्त होणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असते. केवळ वळणावर खडखडाट झाला, तर डिफरन्शियलच्या आतील लहान दातेरी चाके पाहावीत. गाडी सुटताना एकच ठोका बसला, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट तपासावेत.

त्यानंतर कठीण, सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना ओट लावून आणि खाली भक्कम स्टँड देऊन मागचे चाक उचलावे. हाताने फिरवताना खरखर जाणवली, किंवा वर-खाली धरून हलवताना ते डुगडुगले, तर बेअरिंग गेले असे समजावे. हाउसिंगमधील तेल भरणीच्या भोकापर्यंत आहे ना, हेही पाहावे. काढलेल्या तेलात धातूची बारीक चकाकी दिसणे वेगळे आणि दातांचे तुकडे सापडणे वेगळे. तुकडे दिसले तर गाडी पुढे नेऊच नये. हाउसिंगची हवा जाण्याची नळी चिखलाने बुजली, तर तेल सीलमधून ब्रेकच्या लायनरवर उतरते, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते.

दुरुस्तीच्या वेळी बेअरिंगबरोबर सीलही नवे घालावे. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांशी जुळवलेले असतात. त्यामुळे एक झिजला तरी जोडीच बदलावी लागते. दातांवर रंग लावून ते कोठे टेकतात हे पाहिल्यावाचून जोडी बसवणाऱ्याकडे हे काम देऊ नये. जाड तेल भरून आवाज दडपणे हा तर निव्वळ भुलावा होय.

आजच्या बहुतेक लहान मोटारींत ओढ पुढच्या चाकांना असते. त्यांच्या मागे तपासायची ती टायर, ब्रेक आणि बेअरिंगे एवढीच. जीप आणि पिकअप यांना मात्र वरील सारे लागू आहे. त्यांपैकी ज्या गाड्यांत चाकाचा भार आखाच्या दांड्यावरच असतो, त्यांत बेअरिंग फुटल्यास दांडा चाकासकट बाहेर सरकू शकतो. टायर थोडे गुणगुणत असेल, तर सावकाश जाता येईल. परंतु बेअरिंग घरघरत असताना भरल्या गाडीने घाट चढू नये. पलसाण्याहून सुरत जवळ आहे. तेथे परतून दुसरी गाडी करावी आणि उशीर होत असल्याचे मंडळींना कळवावे.