शेळी मेली तर ४,००० रुपये, जगवली तर शून्य!

हवामान बदलाच्या परिषदा भरल्या की मालदीव, फिजी, किरिबाटी ही नावं कानावर येतात. समुद्र चढतोय, तिथल्या पशुपालकांनी काय करायचं? प्रश्न खराच आहे. पण नवी मुंबईत बसून हे ऐकणाऱ्यांनी जरा उरणकडेही बघावं. जुन्या ठाणे गॅझेटियरमध्ये उरण-करंजा हे बेट म्हणूनच नोंदलंय.

मागच्या पावसाळ्यात बातमीसाठी इथल्या एका गावात गेलो होतो. उधाणात बांधाला खांड गेलेली, उघाडी नादुरुस्त, खाडी थेट भातात. पंचनामा झाला, भात किती गुंठे ते लिहिलं गेलं. मागून एक आजी म्हणाली, "भात रेशनवर मिलंल रं दादा, पेंढा कंच्या रेशनवर मिलतो?"

त्या कागदावर पेंढ्याचा रकानाच नव्हता.

आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत दुभती गाय-म्हैस मेली तर ३७,५०० रुपये, शेळी मेली तर ४,०००. पण खारं पाणी जनावराला एका रात्रीत मारत नाही. ते पेंढा कुजवतं, गवत जाळतं, डबक्याचं पाणी मचूळ करतं. मग मालक म्हशी विकतो, दोन शेळ्या ठेवतो आणि विकतचा चारा आणतो. परिषदेत याला 'अनुकूलन' म्हणतात. गावात म्हणतात, धंदा बसला.

कोणी म्हणेल, नवी मुंबईत गुरं हवीत कशाला? अहो, १९७० ला सिडको आली, १९८९ ला बंदर सुरू झालं, आता विमानतळ. ज्या घरातली जमीन गेली आणि नोकरीही लागली नाही, तिथे शेळी हीच बँक. पोराची फी, म्हातारीचं औषध, सगळं तिच्यावर. आणि खाडीत भरावावर भराव पडला की पाणी कमजोर बांध शोधणारच!

मागण्या साध्या आहेत:

१. पंचनाम्यात चाऱ्याचा रकाना घाला.
२. बांध आणि उघाड्या पावसाळ्याआधी दुरुस्त करा. खारभूमी विकास कायदा १९७९ चा आहे, तो कपाटात ठेवायला केलेला नाही.
३. दुष्काळात चारा छावणी निघते, निघायलाच हवी. मग खाऱ्या पाण्याने चारा गेला तर का नाही?

जनावर मेल्यावर पैसे देणारं सरकार ते जिवंत असताना कुठे असतं?

पटलं तर आपल्या लोकप्रतिनिधींना टॅग करा.