गोगलगायी वेचाव्या केव्हा?

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या लबाड माणसाला लावतो. प्राणिशास्त्रानेही या प्राण्याच्या वर्गाला ‘उदरपाद’, म्हणजे पोटानेच चालणारा, असे नाव दिले आहे. शिंपले व कालवे यांच्याप्रमाणे गोगलगाय ही मृदुकाय प्राण्यांत मोडते. तिचा पाय आपण ओळखला, पण तिची वंशवृद्धी कशी होते हे पाहिले नाही. आपले उपाय फसतात ते यामुळेच, असे माझे मत आहे.

पिकावर येणारी मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतील. गंमत अशी की, १८४७ च्या सुमारास ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली ती बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकानेच. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली व अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. ढाणकीकरांना हे जिल्हे परके नाहीत. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा व त्यापुढे लातूर. गोगलगाय स्वतः फार दूर जात नाही. माती, शेणखत व रोपे यांबरोबर ती गाडीत बसून येते. म्हणून बाहेरून आणलेले खत व रोपे उतरवितानाच नीट पाहावीत.

या प्राण्यात नर-मादी असा भेद नसतो. प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असल्याने प्रत्येकच अंडी घालते, आणि एकदा समागम झाला की तेवढ्यावर पुढे कित्येक महिने तिचे काम चालते. एका खेपेस १०० पासून ४०० पर्यंत अंडी ती ओलसर, भुसभुशीत मातीत घालते. ती साबुदाण्याएवढी व पिवळसर पांढरी असतात. उन्हाळ्यात ती शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून बांधात, दगडांच्या ढिगात पडून राहते. पहिल्या पावसाने जागी होते, खाते आणि अंडी घालते. तेव्हा पाऊस सुरू झाल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात पन्नास गोगलगायी वेचणारा शेतकरी निदान पाच हजार अंडी टाळतो. श्रावणात वेचणाऱ्याच्या हाती केवळ तेवढ्या पन्नासच लागतात.

असे असता आपण नेमके उलट वागतो. रोपे कातरलेली दिसली की दुकानात धाव घेतो. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या उपयोगी आहेत हे मी नाकारीत नाही. परंतु त्या कुत्री, कोंबड्या व जनावरे यांनाही विषारी आहेत. शिवाय एकट्याने टाकून भागत नाही. शेजाऱ्याच्या बांधावरून दुसरी फळी येतेच. शेतात मीठ पसरणे तर मला मुळीच मान्य नाही. गोगलगाय मरेल, पण जमीन खारावेल, आणि आपल्या काळ्या जमिनीतून ते मीठ लवकर निघून जात नाही. बांधालगत चुन्याचा पट्टा ओढणे चांगले. मात्र पावसाने तो भिजला की निकामी होतो, म्हणून पुन्हा ओढावा लागतो.

खरा उपाय स्वस्त व सामुदायिक आहे. सायंकाळी बांधाच्या कडेने गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे पसरावीत. गोगलगाय रात्री हिंडते व दिवसा आडोसा शोधते, त्यामुळे उजाडताच ती गोणपाटाखाली गोळा झालेली सापडते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकेका शेतकऱ्यास सल्ला देत बसण्यापेक्षा लागून असलेल्या सर्व शेतांचा एकच दिवस ठरवावा. ज्याची जमीन पडीक आहे त्यालाही बोलवावे, कारण गवत माजलेल्या पडीक तुकड्यातच त्यांचा मुख्य मुक्काम असतो.

उघड्या हाताने मात्र वेचू नये. या गोगलगायीत माणसाच्या मेंदूच्या आवरणास दाह करणारे जंत असू शकतात. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरावी व लहान मुलांना या कामी लावू नये. वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या अथवा मिठाच्या दाट पाण्यात टाकून माराव्यात आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. नुसत्या ठेचून बांधावर फेकल्या तर पोटातील अंडी मातीत पडण्याचा धोका राहतो.