यंत्राची निगा : स्टिअरिंगने हवा धरली तर



दसरा सरला की बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांची बांधाबांध सुरू होते. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या तालुक्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांची वाट धरतात. पूर्वी ही वाट बैलगाडीने तुडवली जायची. आता पुष्कळ ठिकाणी पुढे ट्रॅक्टर आणि मागे ट्रॉली असते. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि वर बसलेली लेकरे. गाडीत बैलाचा कासरा हाती होता, ट्रॅक्टरात स्टिअरिंगचे व्हील आहे. कासरा ओढावा आणि बैल चार पावले उशिरा वळावा, तसे हे व्हील वागू लागले तर ट्रॉलीतल्या सगळ्यांचाच जीव धोक्यात येतो. म्हणून आज पॉवर स्टिअरिंगमधली हवा काढण्याविषयी लिहीत आहोत.

पॉवर स्टिअरिंगचे काम तेलाच्या दाबावर चालते. इंजिनावर फिरणारा पंप टाकीतले ऑइल ओढतो आणि दाबाने पुढे ढकलतो. आपण व्हील फिरवले की ते ऑइल सिलिंडरच्या एका बाजूला जाते, आतला दट्ट्या सरकतो आणि पुढची चाके वळतात. दुसऱ्या बाजूचे ऑइल परतीच्या पाइपाने पुन्हा टाकीत येते. १९५१ साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने मोटारीत ही सोय विकायला आणली. आता ती आपल्या बांधावर आली आहे. या सगळ्याचे मर्म एवढेच, की ऑइल दाबले तरी आकसत नाही. हवा मात्र आकसते. ऑइलात हवा मिसळली की आपण लावलेला जोर आधी ती हवा दाबण्यात जातो आणि उरलेला चाकाला मिळतो.

हवा धरणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळाला की पंप पाणी उचलत नाही. डिझेल इंजिनाने हवा धरली की ते बंद पडते, आणि ती काढायला घरातले पोरसुद्धा पाना घेऊन बसते. पण या दोन्ही ठिकाणी यंत्र थांबते, म्हणून माणूसही थांबतो. स्टिअरिंगने हवा धरली तर ट्रॅक्टर चालतच राहतो. "वरून थोडे ऑइल टाकू, कारखान्यावर गेल्यावर बघू," असे म्हणून माणूस निघतो. खरा धोका आहे तो इथे.

खुणा ओळखून ठेवाव्यात. व्हील वळवताना पंप घरघरतो किंवा कण्हल्यासारखा आवाज करतो. व्हील कधी हलके, कधी जड लागते, मध्येच झटका देते. टाकीचे झाकण उघडले तर ऑइलावर फेस दिसतो, रंग दुधाळ होतो. दुधाळपणा पाण्यामुळेही येतो. त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून ट्रॅक्टर तासभर उभा ठेवावा. फेस बसून ऑइल स्वच्छ झाले तर ती हवा समजावी. तसेच दुधाळ राहिले तर पाणी शिरले आहे, सगळे ऑइल बदलावे लागेल. आणखी एक गोष्ट. ट्रॉली बेसुमार भरली की मागचे वजन ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि पुढची चाके जमिनीला नीट धरत नाहीत. तेव्हाही व्हील हलके लागते, पण तो दोष हवेचा नाही, ओझ्याचा आहे.

हवा शिरली कुठून, हे आधी शोधावे. बहुधा टाकीतले ऑइल कमी झालेले असते. नाहीतर टाकीतून पंपाकडे जाणारा होस पाइप चिरलेला किंवा त्याची क्लिप सैल असते. या पाइपातून पंप ऑइल ओढत असतो, म्हणून बाहेर थेंब गळला नाही तरी हवा आत ओढली जाऊ शकते. पाइप कोरडा पुसून चीर पाहावी, क्लिप आवळावी, कडक झालेला पाइप सरळ बदलावा. वाट बुजवली नाही, तर काढलेली हवा दोन दिवसांत परत येते.

आता हवा काढण्याची रीत. कामाला दोन माणसे हवीत, दुसरे माणूस घरचे कोणीही चालेल.

ट्रॉली सोडून ट्रॅक्टर सपाट जागी लावावा. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून खाली भक्कम ओंडके द्यावेत. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. टाकीचे झाकण उघडण्याआधी भोवतीची माती पुसून घ्यावी, कारण मातीचा कण पंप खातो. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलेच ऑइल खुणेपर्यंत भरावे. काही ट्रॅक्टरांत स्टिअरिंगची वेगळी टाकी नसते, ऑइल मागच्या हायड्रॉलिकमधूनच येते. तेथे मागची पट्टी पाहावी.

इंजिन बंद ठेवूनच व्हील सावकाश पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवावे. असे पंधरा-वीस वेळा करावे. इंजिन चालू केले तर पंप हवा आणि ऑइल घुसळून ताक करतो आणि बारीक फेस लवकर निघत नाही. म्हणून ही पायरी गाळू नये. दुसऱ्याने टाकीवर नजर ठेवावी. बुडबुडे वर येतील, पातळी उतरेल, तसतसे ऑइल घालत राहावे. टाकी एकदा रिती झाली की पंप पुन्हा हवा ओढतो आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

बुडबुडे थांबले की इंजिन मंद गतीवर चालू करावे आणि व्हील पुन्हा सावकाश दोन्हीकडे फिरवावे. शेवटच्या टोकाला व्हील दाबून धरू नये, ऑइल तापते आणि पंपावर ताण येतो. मग इंजिन बंद करून फेस बसू द्यावा, पातळी पाहावी, लागल्यास हेच पुन्हा करावे. आवाज गेला, ऑइल स्वच्छ दिसले, व्हील एकसारखे फिरले, म्हणजे हवा निघाली. चाके खाली घेऊन मोकळ्या रानात मंद गतीने चालवून खात्री करावी. इतके करूनही आवाज राहिला तर दोष पंपात असू शकतो, तेव्हा मेकॅनिक गाठावा.

तीन गोष्टी मात्र कधी करू नयेत. इंजिन चालू असताना दाबाच्या पाइपाचा नट सैल करू नये. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवायची पाळी येते. असे झाले तर दुखण्याची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे. आणि डिझेल वाचवण्यासाठी धारूरच्या घाटासारख्या उतारावर इंजिन बंद करू नये. इंजिनाबरोबर पंप थांबतो आणि ऐन वळणावर व्हील दगडासारखे जड होते.

हे काम निघण्याच्या आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात उरकू नये. आठ दिवस आधी करावे, म्हणजे रानात, बाजारात दोन फेऱ्या मारून पारख होते. मुकादमाची घाई असली तरी घरच्यांनी एकदा विचारावेच, "स्टिअरिंगचं ऑइल बघितलं का?" ट्रॉलीत आपलीच लेकरे बसणार आहेत.

पुढच्या वेळी ट्रॉलीचा हूक, पिन आणि मागचे लाल दिवे यांविषयी.