देवघरापाशी अडलेला प्रचार

जपानमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्याचे जीवन कष्टाचे असते, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. अमेरिकेतून, युरोपातून किंवा कोरियातून आलेला हा प्रचारक पहिली दोन वर्षे बहुधा भाषाशिक्षणातच घालवतो. दोन वर्णमाला आणि नित्य वापरातील सुमारे दोन हजार चित्रलिपीची अक्षरे त्याला आत्मसात करावी लागतात. वडीलधाऱ्यांशी बोलताना एक क्रियापद, बरोबरीच्याशी बोलताना दुसरे, हा विवेक अंगी बाणवावा लागतो. नव्या घरी राहायला आल्यावर शेजाऱ्यांकडे छोटीशी भेट घेऊन जाणे, दारात पादत्राणे उतरवणे, कचरा ठरल्या वारी ठरल्या रीतीने वेगवेगळा करून ठेवणे, वस्तीच्या सामुदायिक सफाईला वेळेवर हजर राहणे, हे सारे तो निष्ठेने शिकतो. आठवडाभर इंग्रजी संभाषणाचे वर्ग, मुलांचे खेळ, पाककलेचे वर्ग, नाताळच्या सुमारास गाण्यांचा कार्यक्रम असा त्याचा उद्योग चालू असतो. मायदेशातील देणगीदारांना नियमाने वृत्त धाडायचे असते, ते वेगळेच.

आणि रविवारी? वीस-तीस माणसांची मंडळी तेथे नेहमीचीच मानली जाते, आणि त्यातही पिकल्या केसांची संख्या अधिक. मुले शाळेच्या क्रीडामंडळात अडकलेली असतात. इंग्रजीच्या वर्गाला आवडीने येणारी गृहिणी प्रार्थनेचे निमंत्रण देताच मान लववून, हसून, गोड शब्दांत वेळ मागून घेते. तो नकार असतो, हे कळायलाही मिशनऱ्याला काही वर्षे जावी लागतात. मिशनरी वर्तुळात जपानला ‘मिशनऱ्यांचे स्मशान’ म्हटले जाते, ते उगाच नव्हे. आज तेथे ख्रिस्ती लोकांचे प्रमाण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे.

या अपयशावर प्रचारसंस्थांनी शोधलेला शब्द मोठा विलक्षण आहे. त्यांच्या याद्यांमध्ये जपानी समाज हा जगातील मोठ्या ‘न पोहोचलेल्या’ समाजांपैकी एक म्हणून नोंदला जातो. ज्या देशात प्रचारक पावणेपाचशे वर्षांपूर्वी पोहोचला, तो देश ‘न पोहोचलेला’ कसा? ज्याने संदेश ऐकला, तपासला आणि नम्रपणे परत केला, त्याला ‘याच्यापर्यंत अजून पोहोचायचे आहे’ असे म्हणणे हा त्याच्या बुद्धीचा अवमान नव्हे काय?

या कथेचा प्रारंभ आपल्या गोव्यात आहे. कागोशिमाचा अंजिरो नावाचा एक जपानी मनुष्य मलाक्का येथे फ्रान्सिस झेवियर यांना भेटला आणि १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याला दुभाषी म्हणून बरोबर घेऊन झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. परमेश्वराला जपानी शब्द कोणता, असे विचारता अंजिरोने ‘दाइनिची’ हा शब्द सुचवला. दाइनिची म्हणजे शिंगोन बौद्ध संप्रदायाचा महावैरोचन. भारतातून चीनमार्गे गेलेले ते दैवत. झेवियर दाइनिचीचा प्रचार करू लागले, तेव्हा शिंगोन भिक्षूंनी त्यांचे आपलाच माणूस म्हणून स्वागत केले. पुढे यामागुची येथे १५५१ मध्ये घोटाळा ध्यानात येताच झेवियर यांनी दाइनिचीची उपासना निषिद्ध ठरवली आणि लॅटिन ‘देउस’ हा शब्द योजला. स्वागताची जागा वादाने घेतली. नव्या देवाला जपानची हरकत नव्हती. ‘हा आणि केवळ हाच’ या आग्रहाला होती.

याहून हृदयस्पर्शी नोंद झेवियर यांच्याच १५५२ च्या पत्रात आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या जपान्यांनी त्यांना विचारले, आमच्या मृत पूर्वजांचे काय? ते नरकात असून तेथून त्यांची सुटका नाही, असे उत्तर मिळाले. प्रार्थनेने वा दानाने काहीच करता येणार नाही काय, असे विचारत ती माणसे रडली. झेवियर यांनाही दुःख झाले, हे ते प्रांजळपणे लिहितात. पण सिद्धान्त बदलला नाही. जपानी मनाला पडलेला हा पहिला मोठा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नापाशी प्रचाराचा रथ आजही रुतलेला आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो : जपानने ख्रिस्ती धर्म तलवारीने चिरडला, म्हणून तो वाढला नाही. या आक्षेपातील सत्यांश नाकारता येत नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ ख्रिस्ती जनांना क्रूसावर चढवण्यात आले. १६१४ मध्ये देशभर बंदी आली. १६३७-३८ च्या शिमाबारा उठावात हजारो गरीब शेतकरी मारले गेले. येशूच्या व मरियमच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावून श्रद्धेची झडती घेतली जाई. हे क्रौर्यच होते. एकाही पाद्रीवाचून सुमारे अडीचशे वर्षे गुप्तपणे आपली श्रद्धा जपणाऱ्या नागासाकी परिसरातील कुटुंबांपुढे कोणत्याही श्रद्धावान माणसाने आदराने मान लववावी. त्याच काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ओमुराच्या सरदाराने १५८० मध्ये नागासाकी बंदर जेझुइटांच्या हवाली केले होते, त्याच्या मुलखात बौद्ध मंदिरे आणि शिंतो देवळे उद्ध्वस्त झाली होती, आणि हिदेयोशीने १५८७ मध्ये पाद्र्यांच्या हकालपट्टीचा हुकूम काढला तो या पार्श्वभूमीवर.

तथापि खरी कसोटी त्यानंतरची आहे. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. युद्धकाळातील सरकारी दडपण वगळता पुढे प्रचाराला वाट मोकळी राहिली. १९४७ च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्याची हमी दिली. पराभूत, उपाशी, बेचिराख जपानवर जनरल मॅकआर्थर यांची सत्ता होती आणि त्यांनी अमेरिकन चर्चना मिशनरी पाठवण्याचे आवाहन केले होते. याहून अनुकूल भूमी प्रचाराला कोठे मिळाली असती? तलवार नव्हती, बंदी नव्हती, पाठीशी विजेत्याची सत्ता होती. तरीही पीक आले नाही.

जपान कृतघ्न आहे, असेही नाही. १८५९ मध्ये आलेले डॉ. जेम्स हेपबर्न यांनी रुग्णसेवा केली, १८६७ मध्ये जपानी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, आणि रोमन लिपीत जपानी लिहिण्याची पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. क्योतोतील दोशिशा (१८७५) आणि टोकियोतील सोफिया विद्यापीठ (१९१३) या ख्रिस्ती प्रेरणेच्या संस्थांना जपानी समाजात मोठा मान आहे. जपानी माणूस मुलीला ख्रिस्ती शाळेत घालतो, तिचे लग्न चॅपलमध्ये लावतो, नाताळला केक कापतो. १९७४ च्या जाहिरातमोहिमेपासून केंटकीची तळलेली कोंबडी खाणे हाही नाताळचा कुळाचार होऊन बसला आहे. चॅपलमधील गोरा ‘पाद्री’ कित्येकदा फावल्या वेळात हे काम करणारा इंग्रजीचा शिक्षक असतो. एवढे सारे घेऊन जपानी माणूस नववर्षाला शिंतो देवळात जातो आणि अंत्यविधीला बौद्ध भिक्षूला बोलावतो. सरकारी पाहणीत सर्व धर्मांच्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येहून जास्त भरते, हे या वृत्तीचेच गणित होय.

मग प्रचार अडतो कोठे? तो अडतो घरातील बुत्सुदानपाशी. बुत्सुदान म्हणजे बुद्धमूर्ती आणि पूर्वजांच्या नामपट्टिका ठेवलेले देवघर. सकाळी शिजलेल्या भाताचा पहिला घास तेथे जातो, उदबत्ती लागते, लहानशी घंटा वाजते. ओबोनच्या दिवसांत पितर घरी येतात आणि दिवे लावून त्यांना निरोप दिला जातो. पितृपक्ष पाळणाऱ्या मराठी घराला याचा अर्थ समजावून सांगायला नको. थोरल्या मुलाने बाप्तिस्मा घेतला की घरात पहिला प्रश्न उठतो तो हाच : आता हे देवघर कोण सांभाळणार? आजोबांच्या नावाने उदबत्ती कोण लावणार? मिशनरी स्वतःही या अडचणीची कबुली देतात.

रोमला हे उशिरा का होईना, उमगले. १९३६ मध्ये व्हॅटिकनने जपानी कॅथलिकांना शिंतो देवळांतील समारंभांना नागरी आचार म्हणून उपस्थित राहण्याची मुभा दिली. १९८५ मध्ये जपानमधील कॅथलिक धर्माध्यक्षांनी पूर्वज व मृत यांच्याविषयी मार्गदर्शिका काढून या आचारांशी मिळतेजुळते घेतले. १५५२ मध्ये ज्यांच्यासाठी रडण्यावाचून उपाय नव्हता, त्यांच्या स्मरणाला अखेर जागा मिळाली. मग परिवर्तन झाले ते कोणाचे?

उचिमुरा कान्झो (१८६१-१९३०) यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ते निस्सीम ख्रिस्तभक्त होते. पण येशू आणि जपान या दोहोंवर आपले सारखेच प्रेम आहे, असे ते सांगत. परकीय मिशनांचा पैसा आणि पंथभेद दोन्ही त्यांनी नाकारले आणि चर्चवाचून ख्रिस्तभक्तीची चळवळ उभारली. श्रद्धा स्वीकारायला परकीय मिशनची मांडलिकी लागत नाही, हे त्यांच्या आयुष्याने दाखवले. त्यांचा ख्रिस्त कोणाही जपान्याला खटकण्याचे कारण नव्हते. आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या संपूर्ण संस्कृतीला रिकामे शेत समजण्याच्या दृष्टीला.

परंतु ही कथा वाचून कोणी निश्चिंत होऊ नये. बुत्सुदानला आज खरा धोका मिशनऱ्याचा नाही. शहरातील चिंचोळ्या सदनिकांत त्याला जागा उरलेली नाही. गावे ओस पडत आहेत, मंदिरांना वारस मिळेनासे झाले आहेत, सांभाळणारे कोणी नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांच्या समाध्या बंद करण्याचे विधी होत आहेत. जे राजाज्ञेने, पैशाने आणि प्रचाराने हलले नाही, ते उपेक्षेने हलू लागले आहे. झेवियर यांच्या उत्तरावर रडणाऱ्या त्या पहिल्या जपान्यांना पूर्वजांचा विसर पडलेला नव्हता, म्हणूनच तो प्रश्न त्यांनी विचारला. तो प्रश्न विचारणारे घरात कोणी उरले नाही, तर प्रचारकाला उत्तर देण्याचे कष्टही पडणार नाहीत. देवघर टिकते ते रोज सकाळी तेथे उदबत्ती लावणाऱ्या हातामुळे.