घाई नव्हे, गती!

हजिऱ्याच्या एका कारखान्यात अभियंता असलेले एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले होते. नंबर लागेपर्यंत दीड तास गेला. आत आल्यावर हसत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडे माल एवढा वेळ अडकून पडला असता, तर वरिष्ठांनी जाब विचारला असता." मी ते हसण्यावारी नेले.

पुढे महिनाभरातच लिंबायतहून एक माता आठ महिन्यांचे बाळ घेऊन आली. जुलाब-उलट्या सुरू होत्या. बिचारी मुकाट्याने आपल्या पाळीची वाट पाहत बसली. बाळ माझ्यासमोर आले तेव्हा ते मलूल झाले होते, डोळे खोल गेले होते, पोटावरची त्वचा चिमटीतून सोडल्यावर अगदी सावकाश पूर्ववत होत होती. तातडीने सलाईन लावले आणि ईश्वरकृपेने बाळ वाचले. परंतु त्या दोन तासांत त्याला जलसंजीवनीचे चार चमचेही कोणी पाजले नव्हते. हा दोष माझ्या व्यवस्थेचा, म्हणजेच माझा होता.

त्यानंतर मी त्या अभियंत्यांकडून 'लीन सिक्स सिग्मा' ही पद्धती समजावून घेतली. तिचे दोन प्रवाह आहेत. 'लीन' हा जपानच्या टोयोटा कंपनीचा विचार. कामातील निरर्थक प्रतीक्षा, येरझारा आणि पुनरावृत्ती काढून टाकली, की गती आपोआप येते. 'सिक्स सिग्मा' ही १९८६ च्या सुमारास मोटोरोला कंपनीत रुजलेली गुणवत्तेची शिस्त. दर दहा लाख संधींमागे ३.४ हून अधिक चुका होऊ नयेत, असे तिचे कठोर उद्दिष्ट. मायकेल जॉर्ज यांच्या २००२ सालच्या पुस्तकाने या दोहोंचा मेळ उद्योगजगतापुढे ठेवला.

रुग्ण म्हणजे काही यंत्राचा सुटा भाग नव्हे, असा आक्षेप आपल्यापैकी अनेकजण घेतील. तो रास्तच आहे. परंतु हा विचार केवळ कारखान्यांपुरता नाही, याचा दाखला आपल्या सुरतनेच दिला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक हे शहर सोडून गेले. मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून अधिकार विभागीय अधिकाऱ्यांकडे सोपवले. त्यामुळे प्रत्येक निर्णयासाठी मुख्यालयाच्या होकाराची वाट पाहणे संपले. वातानुकूलित कक्षातील अधिकारी रोज प्रत्यक्ष रस्त्यावर उतरू लागले. रस्ते रात्रीही झाडले जाऊ लागले. १९९६ मध्ये 'इंटॅक' संस्थेने सुरतला चंदीगडनंतरचे देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरवले. माणसे तीच, शहर तेच. बदलली ती कामाची रीत.

मीही आठवडाभर एका वहीत वेळा नोंदवून पाहिल्या. बालक दवाखान्यात साधारण दीड तास असे, माझ्यासमोर मात्र सहा-सात मिनिटे. त्यातही लसीकरणाचे कार्ड शोधणे आणि वजन करणे यांतच निम्मा वेळ जाई. आता बालक दारातून आत येताच परिचारिका वजन व ताप पाहते, श्वास मोजते आणि चार प्रश्न विचारते. दूध पिते का? सगळे उलटून टाकते का? झटके आले का? मलूल आहे का? एकाही उत्तराने शंका आली, तर नंबर बाजूला ठेवून बाळ थेट आत येते. जुलाब असतील तर जलसंजीवनी बाकावरच सुरू होते. लसीकरणाची वेळ वेगळी ठेवली आहे.

वाचलेला वेळ मी अधिक रुग्ण तपासण्यासाठी वापरत नाही, तो मातेशी बोलण्यासाठी वापरतो. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मि.ली.त १०० मि.ग्रॅ. औषध असते, तर सिरपच्या ५ मि.ली.त १२५ किंवा २५० मि.ग्रॅ. सिरपच्या मापाने थेंब पाजले, तर काय अनर्थ होईल हे आपण जाणतोच. म्हणून मात्रा मातेकडूनच परत वदवून घेतो. याला अर्धा मिनिट लागतो. तो वाचवणे ही घाई. दारातील तासभराची प्रतीक्षा वाचवणे ही गती. घाईत न समजावलेली आई तिसऱ्या दिवशी परत येते आणि तेच काम पुन्हा करावे लागते.

आपल्याकडे येणारे कित्येक पालक खानदेशातून येऊन उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर राबणारे आहेत. त्यांचा अर्धा दिवस आपल्या बाकावर गेला, की तेवढी मजुरी बुडते. हे शुल्क आपल्या पावतीवर दिसत नाही, पण ते भरतात.

माझी मंडळाच्या सर्व सभासदांना नम्र विनंती आहे. प्रत्येकाने एक आठवडा आपल्या दवाखान्यातील वेळा आणि चुका प्रामाणिकपणे नोंदवाव्यात आणि एखाद्या मासिक सभेत त्या निःसंकोच मांडाव्यात. सुरुवात मी माझ्या वहीने करीन.