विश्लेषण : अमेरिकेतल्या फार्मसी कॉलेजांत ‘फ्रॅटर्निटी’ची नवी शाखा कशी सुरू होते? तिचा उपयोग नेमका कुणाला?

फ्रॅटर्निटी म्हटले की हॉलिवूडपटांतल्या रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या आठवतात. पण अमेरिकेतल्या फार्मसी कॉलेजांत याच नावाच्या व्यावसायिक विद्यार्थी संघटना सव्वाशेहून अधिक वर्षे काम करत आहेत.

सुरुवात कधी झाली?

‘कप्पा साय’ ही संघटना १८७९ मध्ये कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे सुरू झाली. १८८३ मध्ये मिशिगन विद्यापीठात ‘फाय डेल्टा काय’ स्थापन झाली. तेव्हा औषधशास्त्राचे शिक्षण बाल्यावस्थेत होते. एकत्र अभ्यास आणि पुढे नोकरी-दुकानासाठी ओळखी, ही तेव्हाची खरी गरज होती.

शाखा कशी उभी राहते?

आधी मोजके विद्यार्थी एकत्र येतात. प्राध्यापकांपैकी कुणी सल्लागार होतो, कॉलेजची मान्यता मिळते. मग राष्ट्रीय संघटनेकडे अर्ज जातो. काही काळ काम पाहून सनद दिली जाते. शाखांना अल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरांची नावे मिळतात. अक्षरे संपली की जोडनावे. सदस्यांना वर्गणी भरावी लागते.

वाद कशाचा?

या संघटनांचा इतिहास बंद दारांचाही आहे. महिलांना प्रवेश नव्हता. म्हणून १९१३ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स कॉलेज ऑफ फार्मसीत ग्रंथपाल एथेल हीथ यांच्या पुढाकाराने ‘लॅम्डा कप्पा सिग्मा’ सुरू झाली. अनेक फ्रॅटर्निटींत ज्यू विद्यार्थ्यांनाही जागा नव्हती. त्यांनी १९१९ मध्ये ‘अल्फा झीटा ओमेगा’ आणि ‘रो पाय फाय’ उभारल्या. म्हणजे अनेक नव्या संघटनांचा जन्म नकारातून झाला.

१९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने चित्र बदलले. त्यातून सामाजिक फ्रॅटर्निटींना पुढे सूट मिळाली, व्यावसायिक फ्रॅटर्निटींना नाही. त्यामुळे फार्मसीतील संघटनांना स्त्री-पुरुष दोघांसाठी दारे उघडावी लागली. नवागतांच्या छळाविरोधात डिसेंबर २०२४ मध्ये संघीय कायदाही झाला. त्यानुसार कॉलेजांना अशा घटनांची माहिती जाहीर करावी लागते.

मग शाखा हवी की नको?

हवी, पण अटींसह. रक्तदाब तपासणी, लसीकरणाबाबत जागृती, उरलेली औषधे सुरक्षितपणे कशी टाकावीत याची माहिती, ही कामे विद्यार्थ्यांना रुग्णासमोर उभे करतात. औषध देणे आणि औषध समजावून सांगणे यातला फरक पुस्तकात कळत नाही.

मात्र वर्गणी परवडत नाही म्हणून एखादा विद्यार्थी बाहेर राहत असेल, तर जुनीच भिंत नव्या रंगात उभी राहिली असे म्हणावे लागेल. पूर्वी लिंग आणि धर्म आडवा येत होता, आता खिसा येईल. ज्याच्या घरात कुणी फार्मासिस्ट नाही, त्यालाच ओळखींची सर्वाधिक गरज असते. आणि वर्गणीवर अडखळणाराही बहुधा तोच असतो.

भारतासाठी धडा काय?

भारतात सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम २००८ मध्ये आला. रुग्णाशी बोलणारा फार्मासिस्ट घडवणे हा त्यामागचा हेतू. ग्रीक अक्षरे उसनी घेण्याची आपल्याला गरज नाही. पण कॉलेजातला विद्यार्थी मंच फक्त स्नेहसंमेलनापुरता न राहता महिन्यातून एकदा वस्तीत जाऊन आजीबाईंच्या गोळ्यांची पिशवी तपासू लागला, तर तेवढी नक्कल जरूर करावी. नव्या शाखेचे मोजमाप सनदीवरच्या तारखेने होऊ नये. तिने किती रुग्णांना मदत केली आणि कुणाला दाराबाहेर ठेवले, हे पाहावे.