रिकाम्या पातेल्याखाली मोठा गॅस

मे महिन्यातली अकोल्याची दुपार. खिडकीतला कूलर आपल्या परीने घरघरत होता आणि त्याच्यावर ताण करत टेबलावरचा लॅपटॉप घोंघावत होता. त्याच्यावर काम मात्र कोणीच करत नव्हते. घरातल्या सूनबाई दोन-तीन दुकानदारांचे हिशेब घरबसल्या लिहून देतात. जेवणासाठी त्या उठल्या, त्याला अर्धा तास होऊन गेला होता. तरीही आतला पंखा पूर्ण जोरात फिरत होता आणि कीबोर्डच्या वरच्या भागावर हात ठेववत नव्हता.

दुरुस्तीवाल्याला दाखवून झाले. त्याने झाकण उघडून धूळ काढली, पंखा पुसला. दोन दिवसांनी पुन्हा तेच झाले, तेव्हा त्याने सांगून टाकले, "ताई, मदरबोर्ड गेलाय. बदलावा लागेल, नाहीतर नवाच घ्या." बदलण्याचा खर्च लॅपटॉपच्या जवळजवळ निम्म्या किमतीएवढा. घरात तेवढी रक्कम होती, पण ती मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी बाजूला काढून ठेवलेली. शिवाय लॅपटॉप बंद पडला तर हिशेबाचे कामही थांबणार होते.

कोडे सुटले ते सासूबाईंमुळे. संगणकातले त्यांना काही कळत नाही, पण कान तिखट. "अगं, लाइट गेली की हा गप्प बसतो बघ," त्या म्हणाल्या. "आली की पुन्हा सुरू."

बिघडलेल्या मदरबोर्डला वीज भिंतीतून येते की बॅटरीतून, याचे सहसा सोयरसुतक नसते. लॅपटॉपमधल्या विजेच्या सेटिंगला मात्र असते. तिथे प्रत्येक गोष्टीचे दोन रकाने असतात, एक बॅटरीवर चालतानाचा आणि दुसरा चार्जर जोडलेला असतानाचा. एका रकान्यात विश्रांतीची परवानगी आहे आणि दुसऱ्यात नाही, अशी शंका सासूबाईंच्या त्या एका वाक्याने आली.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर एका ठरावीक ठेक्यावर चालतो. काम नसेल तेव्हा हा ठेका उतरावा आणि त्याबरोबर प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेजही उतरावे, अशी योजना असते. स्वयंपाकघरात दूध उकळले की आपण गॅस बारीक करतो, तसेच हे. यातली बचत वाटते त्याहून मोठी असते, कारण प्रोसेसरच्या कामाला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला आणि व्होल्टेज १.२ वरून ०.९ वर आणले, तर विजेचा हा खर्च निम्म्यावर थांबत नाही, साधारण २८ टक्क्यांवर येतो. उष्णताही त्याच हिशेबाने कमी होते. इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम-३ प्रोसेसरमध्ये २००० साली ही सोय आणली, तिचे नाव स्पीडस्टेप.

त्याआधीची गोष्ट मोठी मजेची आहे. "काम नाही, थांब" हा हुकूम प्रोसेसरला १९७८ च्या इंटेल ८०८६ पासूनच कळत होता. पण १९९५ साली आलेले विंडोज ९५ रिकाम्या वेळात तो हुकूम देतच नसे. काही लॅपटॉप तो मिळताच कायमचे गोठून बसत, म्हणून तो वापरायचाच नाही असे ठरले होते. त्यामुळे त्या काळचे संगणक रिकामपणीही जागच्या जागी धावत असत, आणि हौशी मंडळी त्यांना विश्रांती देणारे छोटे प्रोग्राम शोधून घालत. थोडक्यात, यंत्राला विश्रांती आपोआप मिळत नाही. कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगणाऱ्यालाच कोणी अडवले तर यंत्र धावतच राहते.

अकोल्याच्या घरात कोणी अडवले होते, हे शोधायला पंधरा मिनिटे लागली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात सीपीयूवर गेले की दोन आकडे दिसतात. एक असतो प्रोसेसर किती टक्के कामात आहे याचा आणि दुसरा वेगाचा, गिगाहर्ट्झमध्ये. आकडे पाहण्याआधी दोन मिनिटे माउसला हात लावू नये, कारण ही खिडकी उघडण्याचेच थोडे काम प्रोसेसरला पडते. टक्के ४०-५० असतील, तर कोणीतरी पडद्यामागे राबत आहे आणि त्याला शोधायचे आहे. टक्के दोन-तीन आणि वेग मात्र सतत कमाल, असे असेल तर बहुधा सेटिंगने विश्रांती बंद केली आहे. इथे काम ३ टक्के होते आणि वेगाचा आकडा वरून हलत नव्हता.

मग कंट्रोल पॅनलमधील पॉवर ऑप्शन्स उघडले. चालू योजनेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आणि त्याखाली मिनिमम प्रोसेसर स्टेट सापडले. बॅटरीच्या रकान्यात ५ टक्के, चार्जरच्या रकान्यात १००. याचा अर्थ, चार्जर जोडलेला असताना कमीत कमी वेगसुद्धा पूर्ण वेगच! अकरावीतल्या चिरंजीवांना बोलावणे गेले. "आई, गेम अडकत होता म्हणून केलं होतं," ते खालमानेने म्हणाले. "परत करायचं राहिलं." १०० च्या जागी ५ लिहिले. मिनिटाभरात पंख्याचा आवाज उतरला आणि कूलरचा ऐकू येऊ लागला.

हा पर्याय प्रत्येक लॅपटॉपवर दिसतोच असे नाही. बऱ्याच नव्या यंत्रांवर तो लपवलेला असतो. तिथे सेटिंग्जमधील पॉवरच्या पानावर पॉवर मोड पाहावा. "बेस्ट परफॉर्मन्स" निवडलेले असेल, तर "बॅलन्स्ड" करून पाहावे.

दुरुस्तीवाल्याने धूळ काढली ते चांगलेच केले, पण धुळीचे लक्षण वेगळे. उष्णता बाहेर पडली नाही तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. काम नसताना कमाल वेगाला चिकटून बसणे, हे धुळीचे काम नव्हे.

चार दिवसांनी सूनबाईंना पुन्हा शंका आली. चहाला उठले की पंखा सुरू होतो आणि परत येऊन माउस हलवला की शांत होतो. याची मात्र काळजी नसावी. विंडोजची घरकामे, म्हणजे देखभाल, फाइलींची सूची, विषाणूंची तपासणी, मालक रिकामा असतानाच उरकायची अशी रीत आहे. देखभालीची नेमलेली वेळ मुळात रात्री २ ची. त्या वेळी लॅपटॉप बंद असेल, तर ती नंतरच्या रिकाम्या वेळेत उरकली जाते. असा आवाज थोड्या वेळाने आपोआप थांबतो. तासन्‌तास थांबत नसेल तर टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेस भागात सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करावे, सर्वांत जास्त खाणारा वर येतो. पुष्कळदा तो ब्राउझर निघतो, महिनाभर न मिटलेल्या तीस पानांसह. फुकट उतरवलेल्या चोरट्या गेमबरोबर परक्यासाठी आभासी चलन खणणारा प्रोग्रामही घरात शिरू शकतो. डिटेल्स भागात "सिस्टिम आयडल प्रोसेस" ९५ टक्के दिसल्यावर घाबरून तीच बंद करायला धावणारे पुष्कळ भेटतात. तो आकडा खाल्लेल्या कामाचा नसून रिकाम्या वेळेचा आहे. जितका जास्त तितके चांगले.

नव्या प्रोसेसरांबाबत आणखी एक घोटाळा होतो. त्यांचे वेगवेगळे भाग क्षणाक्षणाला झोपतात आणि उठतात. जागे असताना वेग मोठा दिसतो, पण बहुतेक वेळ झोपेतच जातो. अशा यंत्रात वेगाचा आकडा वर असूनही वीज थोडीच लागते. म्हणून केवळ आकडा पाहून अस्वस्थ होऊ नये. हाताला गरम लागते का, पंखा ओरडतो का, बॅटरी लवकर उतरते का, हे पाहावे.

दुकानातून जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपवर सेटिंग ठीक असूनही वेग उतरत नसेल, तर गाठ बायोसमध्ये असू शकते. स्पीडस्टेप, सी-स्टेट्स किंवा एएमडीचे कूल अँड क्वाएट तिथे बंद केलेले आढळते. बदल करण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. हे सर्व करून वेग नीट उतरतो, टक्केही कमी आहेत आणि तरीही पंखा ओरडतो, अशी स्थिती असेल तर यंत्र दुकानात न्यावे. तिथे आधी पंखा आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बघायला सांगावे. मदरबोर्डचे नाव त्यानंतर.